हातखंब्याचं सरकारमान्य दुकान

एका शिमग्यापासून पुढच्या शिमग्यापर्यंत आमच्या घरात गांजा कायदेशीर झाला नाही असा एकही रविवार गेला नाही. दिल्लीत झालेला नाही, मुंबईत झालेला नाही, पण आमच्या पडवीत तो दर रविवारी जेवणं उरकली की व्हायचा, आणि चहाच्या वेळेपर्यंत त्याचं दुकान उघडून वर पाटीसुद्धा लागलेली असायची. हे सगळं काम माझे थोरले दीर एकटे करायचे, पानाला चुना लावता लावता.

भाऊजींची हातखंब्याच्या तिठ्यावर टपरी आहे. चहा, वडापाव, विडी-सिगारेट, चिक्की, पाण्याच्या बाटल्या. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, ट्रकवाले तर थांबतातच, त्यामुळे जगातल्या बातम्या आधी भाऊजींच्या टपरीवर उतरतात आणि मग आमच्या गावात येतात. अमक्या देशाने गांजा मोकळा केला, तमक्या देशात तो औषधाच्या दुकानात मिळतो, वर कुठल्याशा डोंगरी राज्यात शेतीला परवानगी द्यायचं चाललंय. ही बातमी खरी की खोटी ते मी सांगायचं, कारण मी रत्नागिरीत वाचनालयात नोकरीला आहे आणि माझ्या टेबलावर रोज सगळे पेपर येतात. मी म्हटलं खरी, तर भाऊजी मांडीवर थाप मारायचे. मी म्हटलं खोटी, तर पेपरवाल्यांना काय कळतं म्हणायचे.

दुकान टपरीच्याच जागी व्हायचं होतं. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं, वर 'सरकारमान्य'. देशी दारूच्या दुकानाला असते तशी जाळी नको, हंगामातल्या आंब्याच्या स्टॉलसारखं उघडं, बायामाणसांना यायला लाज वाटणार नाही असं. लागवड मागच्या कातळावर, कारण तिथे गवताशिवाय काही येत नाही आणि हे झाड म्हणे कुठेही येतं. माल आंब्याच्या पेट्यांतून जाणार, खाली पेंढा घालून. जाऊबाई गल्ल्यावर. सरकारी पत्रव्यवहार माझ्याकडे. आणि उद्घाटन माझ्या नवऱ्याच्या हातून. "ज्याच्यावर अन्याव झाला त्याच्याच हातून फीत कापायची," असं ते म्हणायचे आणि धाकट्या भावाकडे डोळे भरून बघायचे.

इथे माझं डोकं फिरायचं. आत जाऊन मी भांडी आपटायची. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ज्याने केली त्याला आमची पडवी दाखवायला हवी होती. पण नुसत्या न आलेल्या तुरींवर एवढं चिडण्याइतकी मी खुळी नाही. माझ्या चिडण्याचं कारण होतं, आणि ते कारण पडवीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. भाऊजींना सोडून.

माझा नवरा बोटीवर असतो. त्या वर्षी नव्हता. कोकणात बोटीवरचा माणूस घरी असला की लोक आधी कौतुकाने विचारतात, कधी आलास. मग विचारतात, कधी जाणार. हा दुसरा प्रश्न लांबला की लोक प्रश्न विचारणंच बंद करतात, आणि ते सगळ्यात वाईट. आमच्याकडे ते दिवस आले ते त्या पहिल्या शिमग्यापासून.

तेव्हा तो सुट्टीवर होता. पुढच्या बोटीचं बोलावणं आलेलं, शिमगा झाला की मुंबईत जाऊन डॉक्टरी तपासणी करायची आणि तिथूनच विमान. तपासणीत लघवीची टेस्ट असते, नशापाण्याची. ती दर वेळी असते, त्यात नवीन काही नव्हतं. ज्या दिवशी पालखी आमच्या घरी आली त्या दुपारी पालखी पुढच्या घरी गेल्यावर भाऊजींनी नाचून आलेल्या मंडळींसाठी थंडाई केली. काशीकडच्या कुणा ट्रकवाल्याने त्यांना भांगेची पाकिटं भेट दिली होती. माझा नवरा म्हणाला, दादा, माझी टेस्ट आहे. भाऊजींनी पाकीट त्याच्या नाकासमोर धरलं. हा गांजा नव्हे, ही भांग. भांगेला कायद्यात बंदी नाही, पाकिटावर छापलंय, तुझ्या शिकलेल्या बायकोला वाच म्हणावं. मी वाचलं. पाचक वगैरे काहीतरी छापलेलं होतं खरं. आपल्या राज्यात त्यालाही परवाना लागतो की काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही मी त्यात शिरत नाही.

तो एक पेला प्यायला. का प्यायला, हा प्रश्न मी त्याला पुष्कळ वेळा विचारलाय. पण उत्तर मला माहीत आहे. सासरे गेले तेव्हा हा शाळेत होता. भाऊजींनी स्वतःची शाळा सोडली, तिठ्यावर किटली घेऊन उभे राहिले आणि ह्याला बोटीच्या ट्रेनिंगपर्यंत पोचवलं. लहानपणापासून ह्याने जे काही खाल्लं-प्यायलं ते दादाच्या हातचं. त्या हातातला पेला परत करायचा असतो हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

टेस्टमध्ये आलं. कंपनीने पाठ फिरवली आणि ज्या एजंटाने ह्याला दोनदा बोटीवर चढवलं होतं त्याने फोन उचलणं बंद केलं. नवरा मुंबईहून परत आला तो गेला त्याच बॅगेसह. मी आंब्याचं लोणचं बांधून दिलं होतं, ते तसंच होतं.

मला वाटलं, आता भाऊजी ऊर बडवतील. हातून चूक झाली म्हणतील, मग आपण म्हणू, जाऊ द्या, मुद्दाम थोडंच केलंत. मी ते वाक्य तयारही ठेवलं होतं. भाऊजींनी ते म्हणायची वेळ माझ्यावर येऊच दिली नाही. त्यांनी विचार केला, पान जुळवलं आणि निकाल दिला: भांग कायद्यात बसते, आणि कायद्यात बसणारी वस्तू टेस्टमध्ये येईलच कशी? सरकार काय खुळं आहे? तेव्हा ती भांग नव्हेच. "बोटीवर काहीतरी ओढलंन असंल. परदेशात पोरं ओढतात. माज्यापासून लपवलंन."

मी समजावलं. एकाच झाडाचं पान ते भांग आणि फूल तो गांजा, अंगात गेल्यावर दोन्ही सारखंच, हे वाचनालयातून छापून आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. टेस्टच्या डबीला कायदा वाचता येत नाही हेही सांगितलं. भाऊजी म्हणाले, इंटरनेटवर कोण काय वाटेल ते लिहितं. पाकीटही छापीलच होतं की, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण थोरल्या दिराला असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि पद्धत आड आली की मला आणखीच राग येतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ते इतपत ठीक होतं. पण आमच्याकडे संन्याशाला फाशी देऊन वर त्याची कीव करणं सुरू झालं. टपरीवर चहा ओतता ओतता भाऊजी ओळखीच्या माणसाला हळूच सांगायचे की धाकट्याला बोटीवर सवय लागली, पोर चांगलं आहे, पण काय करणार. आणि सांगून झालं की लगेच त्याची बाजू घ्यायचे: सवय लागली म्हणून काय झालं, जगात सगळीकडे मोकळं झालंय, आपल्याकडेच कायदा आंधळा. एकदा कायदा झाला की माझा भाऊ निर्दोष. दुकानाचं खूळ तिथून निघालं. ते दुकान भावाच्या प्रेमापोटी होतं, आणि ह्याच गोष्टीचा मला जास्त संताप यायचा. दुष्टपणा असता तर मी भांडले तरी असते.

नवऱ्याला मी म्हणायची, सांगा ना त्यांना. एकदा स्पष्ट सांगा. तो म्हणायचा, सांगून बोट परत येणार आहे का? आणि दादाला ते कळलं तर तो जेवणार नाही. मग तुम्ही जेवताय का, असं मी विचारलं की तो उठून अंगणात जायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मला बसत होता, आणि तोंड दाबणारा हात माझ्याच नवऱ्याचा होता.

घरी बसून भागणार नव्हतं, म्हणून तो मिरकरवाड्याला बर्फाच्या कामावर जायला लागला. बर्फाच्या लाद्या यंत्रात फोडायच्या आणि चुरा ट्रॉलरवर चढवायचा. सकाळी आम्ही एकाच एसटीने निघायचो. मी वाचनालयाजवळ उतरायची, तो पुढे बंदरात जायचा. संध्याकाळी त्याचे हात इतके गार असायचे की चहाचा कप धरून बसला तरी बराच वेळ बोटं उघडायची नाहीत. कामाचं त्याला काही वाटत नव्हतं. समुद्रावरच्या माणसाला समुद्राजवळचं काम चालतं. पण एके दिवशी घरी येऊन हसत हसत सांगू लागला की एका ट्रॉलरच्या तांडेलाने, म्हणजे तिथल्या मुख्य खलाशाने, त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, माल मिळेल का तुझ्याकडे, तुझं नाव ऐकलंय. त्याला ती गंमत वाटली की तसं दाखवत होता, कोण जाणे. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वाचनालयात दुपारी पेपर वाचायला निवृत्त मंडळी येतात. गांजा मोकळा झाल्याची बातमी आली की टेबलाचे दोन तट पडायचे. एक तट म्हणायचा, पिढी बरबाद होईल. दुसरा म्हणायचा, आपल्या साधूबैराग्यांनी शेकडो वर्षं ओढला, कुठे बरबाद झाले. एक जण म्हणायचे, दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाला मिळत असेल तर मिळू द्यावा, आणि ते मला पटायचं. माझं खरंच काही म्हणणं नाही. मोकळा व्हायचा तर होवो, नाही तर न होवो. पण दोन्ही तट इतक्या ठामपणे बोलायचे की मला पेपरांच्या गठ्ठ्याला दोरी बांधताना वाटायचं, ह्यांच्यातल्या एकाच्याही घरचं माणूस ती डबी हातात घेऊन उभं राहिलेलं नाही.

एका रविवारी माझा बांध फुटला. भाऊजी कातळावरच्या लागवडीला कुंपण घालत होते, म्हणजे हवेत. मी ताक घेऊन बाहेर आले आणि तिथेच उभी राहिले. म्हटलं, भाऊजी, कायदा झाला. आता पुढचं मी सांगते.

मी सांगितलं की पहिला महिना काहीच होणार नाही, कारण आदेश रत्नागिरीत पोचलेला नसेल. पोचल्यावर तलाठी विचारतील, कातळ कुणाच्या नावावर? सातबाऱ्यावर आजोबांच्या आजोबांपासूनची नावं आहेत आणि अर्धे चुलते मुंबईत. एरवी गणपतीला फक्त आरतीपुरते येणारे, ते आता सहीसाठी अटी घालून येतील. सह्या झाल्या तर अस्सल माल देवगडचा की रत्नागिरीचा ह्यावरून मोर्चे निघतील, आणि तोवर आपल्या पेट्यांतून कर्नाटकचा माल विकला जाईल. महामार्गाचं काम तसंच पडलेलं असेल, त्यामुळे खरा माल घाटात उभा. आणि सगळ्यात आधी येतील माकडं. त्यांनी आपल्या परसात भेंडी ठेवली नाही, सुरण ठेवला नाही, केळीचा कोका ठेवला नाही. ती काय हे झाड ठेवणार आहेत? माकडाच्या हाती कोलीत दिलं तर ते निदान घर जाळून पळून तरी जातं. ही खाऊन आंब्यावर बसतील आणि हलणार नाहीत. वनखात्याचा माणूस येऊन पंचनामा करेल की माकडं शांत आहेत.

सगळे हसले. जाऊबाई तर डोळे पुसायला लागल्या. नवरा कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसला. भाऊजीही हसले. आणि मला स्वतःचाच राग आला, की मी आग लावायला आले आणि करमणूक करून बसले. म्हणून मी तशीच पुढे बोलत राहिले. म्हटलं, दुकान उघडेल, तुम्ही फीत कापायला ह्यांना बोलवाल. मग हे मुंबईला जातील. तिथे ह्यांना तीच डबी देतील, आणि डबीत पुन्हा तेच आलं तर पुन्हा घरी पाठवतील. दारू तर कायदेशीरच आहे ना? मग पिऊन आलेल्याला चढू देतात का बोटीवर?

भाऊजी म्हणाले, "तू शिकलेली हायस गो, तुज्याशी कोण बोलणार." मग माझा नवराच म्हणाला की कंपनीचा नियम काही चुकीचा नाही. वादळात दोरखंड ओढताना शेजारचा माणूस तारेत असला तर हात जातो. त्याने एकाचा गेलेला पाहिला होता. त्याने कंपनीची बाजू घेतली, दादाला दुखवलं नाही, माकडांनाही दोष दिला नाही. जगात बाजू घ्यायची राहिली होती ती फक्त त्याची स्वतःची. मी ताकाचं भांडं तिथेच ठेवलं आणि आत गेले.

थंडी सरता सरता एका लहान कंपनीच्या एजंटाने ह्याला बोलावलं. ओळख निघाली बंदरातल्याच एका माणसाची. तो म्हणाला, झालं ते झालं, एक संधी देतो, पण टेस्टमध्ये काही आलं तर पुन्हा दारात उभं करणार नाही. टेस्टची वेळ नेमकी शिमग्यानंतरची, पालखी आमच्याकडे येऊन गेल्यावर चारआठ दिवसांनी.

त्या दिवसापासून नवरा वेगळाच माणूस झाला. टपरीवरचा चहा सोडला. पान सोडलं. खोकला झाला तर औषध घेईना. बाहेर कुणी पाणी दिलं तर तहान नाही म्हणायचा. करंज्यांत खसखस घालू नको म्हणाला, त्यानेही टेस्टमध्ये काहीतरी येतं असं त्याला कुणी सांगितलं होतं. घरून पाण्याची बाटली न्यायचा आणि ती बर्फाच्या यंत्राजवळ न ठेवता पाठीवरच्या पिशवीत घेऊन काम करायचा. मला त्याची दया यायची आणि दया आली की मी भाऊजींच्या ताटात भात जरा जोरात वाढायची.

मग पालखी आली. मी अंगण सारवलं, रांगोळी घातली, जाऊबाईंनी ओटीचं ताट केलं. ढोल वाजवत पालखी अंगणात शिरली, पाटावर बसली. आमच्याकडे ओटी भरून झाली की गावचे मानकरी त्या घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात. आधी घरच्या कर्त्याला कानात विचारतात, काय मागायचं. मग ते मोठ्याने बोलतात आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. न म्हणण्याची सोय नाही. घरचे कर्ते भाऊजी. ते मानकऱ्यांच्या कानात बराच वेळ बोलले.

"हे बा म्हाराजा, आज तुजी पालखी ह्या घरच्या दारात बसली हाय. ह्यांनी वटी भरलीनी ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरच्या धाकट्याची बोट गेली, ती त्याला परत मिळू दे."

"व्हय म्हाराजा." हे मी सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

"बोटीवर त्याला जी काय वाईट सवय लागली, ती सुटू दे."

"व्हय म्हाराजा."

"आनी सरकारदरबारी जो काय कायदा आडलाय, तो लवकर मोकळा होऊ दे."

कसला कायदा ते पुष्कळांना कळलं नाही. एक क्षण लोक घुटमळले. पण देवासमोर अडायचं कसं, म्हणून सगळं अंगण एका आवाजात म्हणालं, व्हय म्हाराजा. एकाच दमात सवय सुटू दे आणि कायदा होऊ दे. भाऊजींचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, चेहरा इतका भाबडा की कुणालाही भरून यावं. माझ्या मनात आलं, ताट उचलावं आणि ओरडून सगळं सांगावं. मी काय केलं? मीही व्हय म्हणाले. पालखीसमोर तोंड मिटून उभी राहणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे.

नंतर तीर्थ. पालखीबरोबरचा गुरव तीर्थाचं भांडं घरच्या कर्त्याच्या हातात देतो आणि कर्ता घरातल्यांना वाटतो. भाऊजींनी जाऊबाईंना दिलं, मला दिलं, स्वतःच्या पोरांना दिलं आणि माझ्या नवऱ्यासमोर आले. नवऱ्याने हात पुढे केला नाही. त्याने नमस्कार केला आणि हात तसेच जोडून ठेवले.

भाऊजी म्हणाले, हात कर. त्यांना वाटलं, लक्ष नाही. पुन्हा म्हणाले. ढोलवाले थांबले. आपल्या दारात आलेल्या पालखीचं तीर्थ नाकारणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि जमलेल्यांपैकी कुणीच पाहिलेला नसावा.

"दादा, मागल्या शिमग्याला तुज्या हातचं प्यालो नि बोट गेली," नवरा म्हणाला. आवाज हळू होता, पण ढोल थांबलेले, सगळ्यांना ऐकू गेलं. "टेस्ट होईपर्यंत कोणाच्या हातचं पाणीसुद्दा नको मना. देव समजून घेईल."

मागच्या वर्षीची थंडाई अंगणातल्या अर्ध्या लोकांनी प्यायली होती. गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांनी तर मागून घेतली होती. लोकांचे चेहरे एकेक करून बदलताना मी पाहिले. मागून कुणीतरी विचारलं, म्हणजे त्या भांगेनं? भाऊजी नवऱ्याकडे बघत होते. त्यांनी ते तीर्थ स्वतःच्या तळहातावर ओतलं, प्यायलं आणि रीतीप्रमाणे ओला हात डोक्यावर फिरवला. तो हात डोक्यावरच राहिला.

ढोल पुन्हा सुरू झाला. नवऱ्याने पालखीला खांदा दिला आणि पुढच्या घरी गेला. भाऊजी दर वर्षी वेशीपर्यंत जातात, त्या वर्षी गेले नाहीत. जोत्यावर बसून राहिले. वर्षभर ज्या क्षणाची मी वाट पाहिली तो असा आला, आणि मला त्याचं काही सुख झालं नाही. जाऊबाई ताट उचलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मीच त्यांच्या हातून नारळ घेतला.

मधल्या रविवारी भाऊजी जेवले आणि झोपले. ना कायदा, ना पाटी, ना कातळ. पडवी रिकामी वाटली, हे मी कबूल करायला तयार नव्हते, पण वाटली.

त्या टेस्टमध्ये काही आलं नाही आणि नवरा आता बोटीवर आहे, हे इथेच सांगून टाकते. गोष्ट ताणून धरायचा मला कंटाळा आला आहे. मला सांगायचंय ते टेस्टला जायच्या दिवसाचं. मुंबईची गाडी हातखंब्याला धरायची होती. मी सोडायला गेले. टपरी समोरच, पण आम्ही रस्त्याच्या अलीकडे उभे राहिलो. तिकडे जायला नवरा तयार नव्हता की लाजत होता ते कळलं नाही. गाडी आली, तो चढला, खिडकीशी बसला. तेवढ्यात भाऊजी रस्ता ओलांडून आले. पालखीनंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. हातात पाण्याची बाटली होती, टपरीवर विकायला असतात त्यांतली. त्यांनी ती खिडकीतून वर धरली.

"बुचाचं शील बघून घे," भाऊजी म्हणाले.

उगाच मान राखायला नवऱ्याने ती तशीच ठेवून घेतली असती तर मी समजू शकले असते. पण त्याने बघितलं. बाटली उलटी केली, दाबली, बुचाखालची कडी बोटाने चाचपली, पुन्हा एकदा चाचपली. भाऊजी खाली उभं राहून ते सगळं बघत होते. मग नवऱ्याने बूच पिरगळलं आणि तिथेच, त्यांच्यासमोर, अर्धी बाटली प्यायला. कंडक्टरने घंटी दिली. गाडी गेली.

भाऊजींनी मला विचारलं, चहा ठेवू? माझा राग अजून गेलेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही, पण मी ठेवा म्हटलं. टपरीच्या बाकावर नेहमीचा एक ट्रकवाला बसला होता. त्याला आमच्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने हसत विचारलं, काय शेठ, कायद्याचं काय झालं, दुकान कधी उघडताय?

"दुकान उघडंच हाय की," भाऊजी किटलीत बघत म्हणाले. "पाणी इकतोय."